अपंग मुलाच्या आईबापांना धर्मसंकटात कोण ढकलते?

१ नोव्हेंबर २०२५ रोजी छत्तीसगड राज्याच्या स्थापनेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्या मुहूर्तावर नवा रायपूर येथे विधानसभेच्या नव्या वास्तूचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. जुन्या शहराच्या आग्नेयेस शेतकऱ्यांच्या जमिनी संपादून वसवलेल्या या राजधानीत मंत्रालयाचे महानदी भवन आहे, खातेप्रमुखांचे इंद्रावती भवन आहे, जंगल सफारी आहे आणि जुन्या रायपुरातून हलवून आणलेले तूता येथील धरण्याचे मैदानही आहे. ज्यांच्या जमिनीवर ही नगरी उभी राहिली त्यांपैकी २७ गावांतील शेतकऱ्यांनी जानेवारी २०२२ पासून येथे प्रदीर्घ धरणे धरले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आज लिहावयाचे आहे ते मात्र अशा माणसांविषयी, की ज्यांना त्या मैदानापर्यंतही पोचता येत नाही. कारण ती एका खाटेशी जखडलेली आहेत. खाटेवर मूल आहे आणि खाटेशेजारी आई आहे.

या भागातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. हे कोणा एका कुटुंबाची हकीकत म्हणून सांगत नाही. अशी घरे रायपुरात आहेत, तशी ती नागपुरात आणि सोलापुरातही आहेत. बाप बांधकामावर जातो. आई ठेकेदारामार्फत सरकारी कचेरीची झाडलोट करते. तेरा वर्षांच्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मतःच श्वास कोंडला, मेंदूला प्राणवायू पुरला नाही. तिला बसता येत नाही, बोलता येत नाही. आईच्या पावलांचा आवाज मात्र ती ओळखते आणि हसते. एक वेळचे भरवणे म्हणजे तासाभराचे काम. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलून दिली नाही तर पाठीला जखमा होतात. मुलीचे वजन आता तीस किलोच्या घरात गेले आहे आणि आईच्या कमरेत पूर्वीची ताकद राहिलेली नाही. त्यातच यंदा तिला पाळी येऊ लागली.

सकाळी सातला आईने कामावर निघावयाचे म्हणजे काय करावयाचे? मुलीला खाटेला बांधून जावे? धाकट्या बहिणीची शाळा सोडवून तिला घरी बसवावे? काम सोडावे आणि सर्वांनीच अर्धपोटी राहावे? दूर कोठे एखादे वसतिगृह मिळाले तर तेथे तिला टाकून यावे? पाळीच्या त्रासापासून सुटका म्हणून कोणी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला, तर तो मानावा? आणि या सर्वांहून अवघड असा एक विचार असतो, जो ती आई नवऱ्यापाशीही उच्चारीत नाही. आपल्या आधी हिने डोळे मिटावेत, असे तिला वाटते. असे वाटले म्हणून ती स्वतःला पापी समजते.

नीतिशास्त्राचे अभ्यासक अशा प्रसंगाला नैतिक पेच म्हणतात आणि त्यावर गंभीर प्रबंध लिहितात. परंतु पेच म्हणावयाचा तर निदान दोन वाटा तरी खुल्या असाव्या लागतात. येथे एकेक वाट कोणी बंद केली, हे पाहिल्यावाचून त्या आईच्या सद्सद्विवेकबुद्धीची परीक्षा घ्यावयास बसणे हा निव्वळ ढोंगीपणा आहे. ज्या घरी पगारी दाई आहे, चाकाची खुर्ची आहे, मोटार आहे, तेथेही दुःख असते. ते कोणी नाकारीत नाही. पण तेथे मुलीला खाटेला बांधावे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही.

अठरा वर्षांची अट आणि तीनशे रुपये

सरकारने या आईसाठी काय केले आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी सव्वासहा लाख छत्तीसगडात होते. त्यांच्यासाठी २०१६ चा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानलेले आहेत. सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षण आहे. ज्यांना अधिक आधार लागतो त्यांच्यासाठी तशी तरतूदही आहे. कागदावर कायदा चांगला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र केंद्राची जी इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ साली सुरू झाली, तिच्यातील केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे, तोही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांनाच, आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर! म्हणजे मूल जोवर मूल आहे, तोवर केंद्राच्या लेखी ते खातपीत नाही. राज्ये आपापल्या योजनांतून थोडीफार भर टाकतात, कोठे बालकांनाही काही मिळते. परंतु त्या रकमेत मुलीजवळ दिवसभर बसणारी बाई ठेवता येईल, असे म्हणण्याचे धाडस कोणी मंत्री करणार नाही.

दरम्यान २०१६ मध्ये सरकारी खात्याच्या नावातून अपंग हा शब्द गेला आणि दिव्यांग हा शब्द आला. अवयवांना दिव्यत्व प्राप्त झाले. तीनशे रुपयांना मात्र ते अद्याप प्राप्त झालेले नाही.

त्याच अठराव्या वर्षी आणखी एक गोष्ट घडते. आईबाप हे कायद्याने मुलाचे नैसर्गिक पालक असतात ते अठरापर्यंत. त्यानंतर, मूल बौद्धिकदृष्ट्या कितीही परावलंबी असले तरी, बँकेत सही करावयाची झाली की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीपुढे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. तत्त्वतः हे योग्यच आहे, कारण सज्ञान माणसाच्या आयुष्यावर कोणाचीही सत्ता आपोआप चालू नये. पण ज्या आईला घराबाहेर पाऊल टाकण्यासाठी शेजारणीची विनवणी करावी लागते, तिने जिल्हा कचेरीच्या किती फेऱ्या माराव्यात?

रजेची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि मूल अपंग असल्यास त्याच्या वयाची अट लागू होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अपंग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणे हे घटनात्मक कर्तव्याशी विसंगत आहे, असे सांगितले. उत्तम झाले. परंतु त्याच सरकारी इमारतीची फरशी पुसणारी बाई ठेकेदाराची नोकर असते, म्हणून ती या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहते. एकाच छपराखाली दोन आया. एकीचे मातृत्व घटनेत बसते, दुसरीचे हजेरीपटातही बसत नाही.

मान्याची संस्था

जुन्या आणि नव्या रायपूरच्या मध्ये माना नावाचे गाव आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी येथे १९६० नंतरच्या दशकात होती. हल्ली विमानतळामुळे लोकांना ते माहीत आहे. याच मान्यात अपंगांच्या शारीरिक पुनर्वसनाचे एक केंद्र असल्याची सरकारदप्तरी नोंद होती. छत्तीसगड उच्च न्यायालयात एका जनहित याचिकेद्वारे असा आरोप करण्यात आला की राज्य स्रोत निःशक्तजन संस्थान आणि हे पुनर्वसन केंद्र यांचे अस्तित्व मुख्यतः कागदावर होते, नेमणुकाही कागदावर होत्या, पगार मात्र खरोखर काढले जात होते. याचिकाकर्त्याचे म्हणणे असे, की आपण स्वतः तेथे नोकरीस असल्याचे दाखवले गेले आहे हे त्याला नंतर समजले! रकमेचा आकडा हजार कोटींच्या घरात सांगितला गेला. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला गुन्हा नोंदवण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा चौकशीचा आदेश दिला. कोणाचा दोष किती, हे चौकशीअंती ठरेल आणि तोवर कोणाला दोषी ठरवण्याचे कारण नाही.

आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या केंद्रात त्या आईने मुलीला न्यावयाचे, जेथे व्यायाम शिकवणारा, कृत्रिम अवयव व खुर्ची देणारा माणूस भेटावयाचा, ते केंद्र आहे की नाही यावर वर्षानुवर्षे न्यायालयात वाद चालू शकतो, हीच वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. ते केंद्र खरोखरीच गजबजलेले असते तर हा वाद उभाच राहिला नसता. रायपूरच्या शंभर आयांनी त्याचा पत्ता सांगितला असता.

खासगी प्रयत्न नाहीत असे नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आणि पुढे मध्य प्रांतापासून रायपुरात मराठी वस्ती आहे. तेथील १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ समता कॉलनीत अपंग मुलींसाठी विकासगृह चालवते. अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांविषयी आदरच वाटतो. पण राज्याचे कर्तव्य लोकवर्गणीवर सोपवणे म्हणजे त्या कार्यकर्त्यांच्याही भलेपणाचा फायदा घेणे होय.

शिरूरचे उदाहरण

आता गर्भाशयाच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो सर्वांत नाजूक आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या सरकारी संस्थेतून काही मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, कर्मचारी अपुरे आहेत, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटना आणि अपंगांच्या चळवळीतील कार्यकर्ते यांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी अनेक सुशिक्षितांनी असा प्रश्न केला, की बाहेर बसून टीका करणाऱ्यांना त्या मुलींची सेवा करणे ठाऊक आहे काय? घरोघरच्या आयाही हेच करवून घेतात, मग सरकारने केले तर बिघडले कोठे?

बिघडले ते येथे. एकटी आई जेव्हा असा निर्णय घेते, तेव्हा तिच्यापाशी दुसरा हात नसतो. सरकारपाशी हात असतात. तो नेमावयाचे नाहीत असे सरकारने ठरवलेले असते. चार परिचारिकांचा पगार वाचावा म्हणून मुलीचा अवयव काढणे आणि त्याला मुलीचे हित म्हणणे, ही आईच्या अगतिकतेची उसनवारी झाली. शिवाय गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही. त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो, हा त्या वेळी कार्यकर्त्यांनी मांडलेला मुद्दा आजही तितकाच खरा आहे. २०१६ च्या कायद्याने, अपंग व्यक्तीच्या स्वतंत्र व समजून दिलेल्या संमतीवाचून तिला वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करण्यास मनाई केली आहे. छत्तीसगडच्या वाचकांना आणखी एक गोष्ट आठवेल. २०१२ साली विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर पैसे उकळण्यासाठी ग्रामीण स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढल्याचे प्रकरण या राज्यात गाजले होते. धडधाकट, बोलत्या स्त्रियांची जेथे ही गत, तेथे न बोलणाऱ्या मुलीच्या देहाची राखण कोण करणार?

तथापि प्रश्न केवळ पैशाचा आणि मनुष्यबळाचा आहे, असे म्हणून आम्ही सुटका करून घेऊ इच्छीत नाही. अमेरिकेत सिएटल येथे २००४ साली सहा वर्षांच्या एका मुलीवर, तिच्या आईवडिलांच्या आग्रहावरून, वाढ खुंटवणारे संप्रेरकांचे उपचार करण्यात आले; तिचे गर्भाशय आणि स्तनांचा उगम काढण्यात आला. मुलीची समज तान्ह्या बालकाएवढीच राहणार होती. ती लहान राहिली तर आम्ही तिला उचलून सर्वत्र नेऊ शकू, परक्यांच्या हाती द्यावी लागणार नाही, असे आईवडिलांचे म्हणणे होते. हे आईबाप गांजलेले मजूर नव्हते आणि त्यांचे मुलीवर प्रेम नव्हते असेही नाही. अपंगांच्या संघटनांनी यास तीव्र विरोध केला. न्यायालयाच्या आदेशावाचून गर्भाशय काढावयास नको होते, हे रुग्णालयाने २००७ मध्ये मान्य केले. येथे साधनांचा प्रश्न बाजूस काढला तरी एक प्रश्न शिल्लक उरतोच: जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या देहाविषयी, प्रेमापोटी का होईना, दुसऱ्याने कोठवर ठरवावे?

आमचे मत असे, की आईबापांचा शब्द पहिला असावा, पण तो एकमेव नसावा. चंडीगडच्या सरकारी आश्रयगृहातील एका बौद्धिकदृष्ट्या अपंग अनाथ तरुणीवर बलात्कार होऊन तिला दिवस गेले, तेव्हा उच्च न्यायालयाने तिच्या हिताचे म्हणून गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मात्र मूल हवे होते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मानले आणि तो आदेश रद्द केला. तिला विचारले म्हणून तिची इच्छा कळली. जिला बोलता येत नाही तिचीही पसंती-नापसंती चेहऱ्यावर, रडण्यात, अंग आखडण्यात दिसते, आणि ती वाचण्याची विद्या आईइतकी कोणाला अवगत नसते. म्हणूनच आईला बाजूस सारून निर्णय घेणारी समिती ही शुद्ध नोकरशाही ठरेल. आणि आईला एकटे सोडणारी व्यवस्था तिला स्वतःच्या थकव्याचे आणि मुलीच्या हिताचे वेगवेगळे हिशेब मांडण्याची उसंतच देणार नाही.

आईबापांच्या निराशेचा उपयोग राज्यसंस्था कसा करते, याचा इतिहास भयंकर आहे. १९३९ साली जर्मनीतील लायपझिग परिसरातील एका कुटुंबाने आपल्या अपंग तान्ह्या मुलाला दयेपोटी मारण्याची परवानगी मागणारा अर्ज हिटलरकडे केला. हिटलरने आपला वैद्य पाठवला, परवानगी मिळाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अपंग अर्भकांची सक्तीने नोंद करण्याचे फर्मान सुइणींना व डॉक्टरांना निघाले आणि किमान पाच हजार मुले त्या योजनेत मारली गेली. सुरुवात एका बापाच्या अर्जाने झाली होती. नंतर अर्जाची आवश्यकता उरली नाही.

समाजवादी देशांविषयी बोलताना आपण दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. मॉस्कोजवळील झागोर्स्क येथे १९६३ मध्ये अंध-बधिर मुलांसाठी संस्था उघडली. अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह यांच्या पद्धतीत शिक्षणाचा आरंभ चमच्याने होई. मोठ्या माणसाने मुलाचा हात आपल्या हातात धरून चमचा तोंडाशी न्यावयाचा, आणि मुलाच्या हाताने किंचित पुढाकार घेतला की तेवढ्या क्षणापुरती आपली पकड सैल करावयाची. तो पुढाकार हाच माणसाच्या मनाचा अंकुर. या संस्थेतील चार विद्यार्थी १९७७ मध्ये मॉस्को विद्यापीठाचे पदवीधर झाले. या मुलांचे मेंदू शाबूत होते, आपल्या खाटेवरच्या मुलीचे तसे नाही, हा फरक विसरता येणार नाही. पण चमच्याचा धडा तिलाही लागू आहे. आणि त्याच सोव्हिएत देशात अनेक मातांना प्रसूतिगृहातच सांगितले जाई, की हे मूल संस्थेत द्या आणि विसरा. रुमानियात १९८९ नंतर ज्या बालगृहांची दारे उघडली गेली, तेथे सुधारण्यापलीकडचे असा शिक्का मारलेली मुले उपासमारीत आणि घाणीत पडलेली जगाने पाहिली. राज्याने जबाबदारी घेणे म्हणजे मूल आईपासून तोडून भिंतीआड ठेवणे, असा अर्थ केला की हे होते. समाजवादाच्या नावाखाली झाले म्हणून ते कमी लज्जास्पद ठरत नाही.

मग कोणते उदाहरण समोर ठेवावे? त्यासाठी मुंबईच्या पलीकडे जाण्याची गरज नाही. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच पाशवी हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, बेचाळीस वर्षे, त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका झाली तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. याच निर्णयात निष्क्रिय दयामरणाचे तत्त्व मान्य झाले, हा निराळा विषय आहे. आपल्या विषयापुरते महत्त्व एवढ्याला आहे, की त्या परिचारिका काही देवदूत नव्हत्या. त्या पगारी कामगार होत्या. आठ तासांनी पाळी संपे, दुसरी येई. पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. जे काम एका आईला चार वर्षांत मोडून टाकते, ते पाळ्यांमध्ये वाटले गेल्यावर बेचाळीस वर्षे चालले, आणि ज्यांनी ते केले त्यांनीच त्या आयुष्याची बाजू न्यायालयात मांडली. थकलेल्या माणसाला हे जमले नसते.

आईच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. त्याग हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. जे वेतन द्यावयाचे नाही त्याला तो शब्द लावला जातो.

नवा रायपूरमध्ये रस्ते आहेत, इमारती आहेत, विधानसभेला स्वतंत्र भवन आहे. तेथे वस्ती-वस्तीत दिवसाचे संगोपन केंद्र काढणे अशक्य नाही: सकाळी सहाला उघडणारे, कारण ठेकेदाराच्या कामाला सातला पोचावे लागते. तेथे सरकारी वेतनश्रेणीवरील परिचर हवेत, मानधनावरील नव्हेत. मानधन हा शब्दही त्यागाच्याच कुळातला आहे. अठरा वर्षांखालील तीव्र अपंग मुलासाठी संगोपन भत्ता हवा आणि तो किमान वेतनाशी जोडलेला हवा. महिन्यातून काही रात्री तरी कोणी प्रशिक्षित माणूस घरी यावा, म्हणजे आई सलग झोपेल. मुलीच्या देहावर कायमचा परिणाम करणारी कोणतीही शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी, आई, मुलीला ओळखणारा परिचर आणि त्या रुग्णालयाशी संबंध नसलेला डॉक्टर यांनी एकत्र बसावे, आणि त्या बैठकीसाठी आईला जिल्हा कचेरीत न बोलावता बैठकच खाटेपाशी भरावी.

या मागण्या घेऊन तूताच्या मैदानावर ती आई येऊ शकणार नाही. धरणे संपून घरी परतेपर्यंत मुलीची कूस बदलावयाची राहील. तेव्हा ज्यांना येता येते अशा संघटनांनी, त्यातही कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनांनी, आपल्या मागणीपत्रात वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि साप्ताहिक सुटी यांच्या जोडीला हे कलम घालावे, अशी सूचना आहे. पुढच्या सभेस येताना त्यांनी एवढे करावे: आपल्या सभासदांपैकी किती जणींच्या घरी अशी खाट आहे, याची गणती करून आणावी.